आठव्या खड्ड्यातला साक्षीदार

१४ जानेवारी १९७३, रविवार

बोडखी टेकडीचा एक खांदा उतरवून झाला. त्याचा खरा खर्च, जो सरकारी वहीत कधी चढणार न्हाई, तो असा: सत्तावीस कुदळींचे दांडे. कमलबाईचं गाढव—दरड अंगावर आली. जनकाबाईच्या उजव्या पायाचा अंगठा. फुलसिंगच्या पोरीची सोयरीक—सोयरे म्हणाले, टोपलं वाहून पोरीच्या टाळूचे केस गेले. नऊ लिंबं, त्यातली तीन माझ्या बापानं लावलेली. आणि माझ्या कानात दोन दिवस शिट्टी! गेल्या महिन्यात सडकेच्या ठेकेदाराचा सुरुंग दहा पावलांवर उडाला तेव्हाची. तिसऱ्या दिवशी थांबली. फुकटात सुटलो.

बदल्यात कनेरगाव नाक्याच्या सडकेला मुरूम. तांड्याला आणि खालच्या बौद्धवस्तीला दुष्काळात चूल. लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकर, वर सरकारी सुकडी. गोड लागते असं कोणी म्हणत न्हाई, पण ताटात उरतही न्हाई.

ही वही म्हणजे संपलेल्या हजेरीपटाचे मागचे कोरे कागद. अक्षरं मी हजेरीपटावरच शिकलो. आजा बैलांवर मीठ लादून फिरला. बापाकडं बैल राहिले न्हाईत, मीठही न्हाई. मी सोळाव्या वर्षी दुसऱ्याची कुदळ घेऊन लागलो, आज चाळीस कुदळींचा मुकादम आहे. कोणाच्या वशिल्यानं? या कानाच्या! मुरमावर कुदळ खर्र वाजते. काळ्या पाषाणावर टण्ण. लाल मातीवर थप—ओल्या पाठीवर थाप मारावी तशी. वीस वर्षांत हा कान एकदाही चुकला न्हाई. एकदाही.

२२ जानेवारी, सोमवार

परभणीहून पाण्याच्या खात्याचा साहेब आला. चष्मा, कापडी बूट, बोलणं मऊ. टेकडी हिंडला, आमच्या झऱ्याशी, उंबरझिऱ्याशी बसून ओंजळीनं पाणी प्याला. ते बघून बाया खूश. तांडा वरच्या कुंडीतून भरतो, वस्ती खालच्या. हा शहाणा नेमका खालच्या कुंडीचं प्याला! तांड्याच्या म्होरक्याचं, धर्मसिंग नाईकाचं, तोंड बघण्यासारखं झालं होतं.

साहेबानं सगळ्यांना बसवून सांगितलं. टेकडीच्या पोटात लाल मातीची पट्टी आहे. वरून मुरलेलं पाणी तिच्यावर अडतं आणि तिच्यावरून सरकत झिऱ्याला येतं. "ती पट्टी म्हणजे परात समजा. परातीला भोक पडलं की पाणी खाली गेलं, परत येत नाही." मागं त्यानं टेकडीच्या वरच्या टोकाला एक खड्डा घेऊन पाहिला, तिथं पट्टी अकरा फुटांवर लागली. म्हणून हुकूम असा—नऊ फूट, किंवा लाल माती, जे आधी लागेल तिथं थांबायचं.

मी म्हणालो, "साहेब, फूटपट्टी तुमची, कान माझा. पट्टी लागायच्या आधी मी सांगतो."

साहेब हसला. भिवाजी मागून म्हणाला, "मुकादमाला मुंगी खोकलेली ऐकू येती, साहेब. फक्त रोज वाढवा म्हणलं की न्हाई." सगळे हसले. मीही. भिवाजी वस्तीतला माझा सगळ्यात जुना गडी. त्याची जीभ आणि कुदळ, दोन्हीला धार.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक काम केलं. चांगलं की वाईट, पुढची पानं काय ते ठरवतील.

माप खड्ड्यावर असतं. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता सोडायचा, डोक्यावर मूळचं गवत तसंच. जमीन पहिल्यांदा किती उंच होती ते तो सांगतो. आमी त्याला साक्षीदार म्हणतो. सरकारचे शेषराव मिस्त्री येतात, साक्षीदाराच्या डोक्यापासून तळापर्यंत टेप सोडतात, तेवढं काम धरलं जातं, तेवढीच मजुरी.

मुरूम असा कडक की दिवसभर राबून बाईच्या हाती अर्धा रोज पडतो. भिवाजीची बायको रुक्माबाई काल म्हणाली, "मुकादम, टेकडी जिंकून राहिली आन् आमी हरून राहिलो."

पहाटे दोघा गड्यांना घेऊन गेलो. पलीकडच्या उतारावरची गवतासकट ढेपं कापली आणि बाराही साक्षीदारांच्या डोक्यावर दोन-दोन फुटांची टोपी बसवली. दुष्काळाचं गवत! सगळीकडं सारखंच वाळलेलं. बाहेरचा माणूस ओळखूच शकणार न्हाई.

७ फेब्रुवारी

बाया मला देवमाणूस म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, खोटं काहून बोलू? मापात माझ्याच टोळीचं काम सगळ्यात जास्त भरणार, असंही बोलतात.

जमनाबाई म्हणते, तीन हाका मारल्या तरी ओ देत न्हाई. आमची कारभारीण! मी म्हणालो, बायकोच्या पहिल्या दोन हाका ऐकायच्या नसतात, तिसरीत काम असतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ऊन आत्ताच चैत्राचं. ठेकेदाराचे सुरुंग पलीकडं दिवसभर चालू.

दुपारी बांधावरून झिऱ्याकडं चाललो होतो. शेषराव मिस्त्री सोबत, विडी मागत. आठव्या खड्ड्यात भिवाजीनं कुदळ थांबवली, माझ्याकडं बघून काहीतरी बोलला, हात हलवला. असणार एखादा टोमणा. त्याचा तोंडपट्टा ऐकायचा तर दिवस पुरायचा न्हाई! मी हसलो, हात केला—चालू द्या.

३ मार्च, शनिवार

माप झालं. बाराही खड्डे अकरा फूट. खरे नऊ. मिस्त्रींनी टोपीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, लिहून घेतलं. त्यांच्या घरीही लेकरं आहेत.

माप झालं की साक्षीदार पाडायचे असतात. अकरा पाडले. आठवा राहून गेला, टोळी दुसऱ्या कामावर हलली.

१९ मे, शनिवार

उंबरझिऱ्याची धार करंगळीएवढी होती. आता दोऱ्याएवढी. दुष्काळ आहे, चालायचंच. बाया रांग लावतात. वरची कुंडी आटली तशा तांड्याच्या बाया खालच्या कुंडीवर येऊन बसल्या. कोणी विटाळ काढला न्हाई. तहान लई समजूतदार असते.

२ जून

थेंब. मोजले—एका घागरीला पाऊण तास.

१२ ऑगस्ट, रविवार

पाऊस बक्कळ. नाले भरून वाहून राहिले, विहिरींचे काठ पाझरून राहिले. औंढ्याकडून आलेला माणूस सांगत होता, सिद्धेश्वर धरणाला पाणी चढलं.

उंबरझिरा कोरडा. कुंडीत बोट घातलं तर धूळ.

सगळीकडं पाणी आणि इथं धूळ! तांड्यात आज कोणी माझ्याशी नीट बोललं न्हाई. धर्मसिंग नाईक म्हणाले, "पाऊस आला, झिरा आला न्हाई. मग गेला कुठं?" मी म्हणालो, ठेकेदाराच्या सुरुंगानं गेला. दुसरं काय?

दुसरं काय!

१६ जानेवारी १९७४, बुधवार

बाया दीड कोसावरून पाणी आणून राहिल्या. जमनाबाईच्या मानेला गाठ आली.

अर्जावर अर्ज केले, तेव्हा आज तोच चष्मेवाला साहेब आला. त्याचं काम असं की टेकडी खोदून जमिनीचं आणि पाण्याचं काय झालं ते तपासायचं, आणि कोणामुळं झालं ते लिहायचं. सरकारी कामानं झिरा गेला असेल तर तांड्याला आणि वस्तीला मिळून एक नवी विहीर, खोल, बांधीव, वरच्या हुकमानं. हुकूम मोडून मजुरांनी केलं असेल तर काही न्हाई.

सरळ वाटलं. मग त्यानं मापाच्या वहीची नक्कल काढली. बोट ठेवलं.

"अकरा फूट. नऊ सांगितले होते, मुकादम. अकरावर पट्टी होती. तुम्ही परात फोडली."

माझीच टोपी माझ्याच डोक्यावर!

१८ जानेवारी

खरे नऊ आहेत हे देवाला आणि माझ्या टोळीला ठाऊक. बोललो तर बायांनी जादा घेतलेलं परत मागतील. मी आत जाईन, मिस्त्रींचीही नोकरी जाईल. न बोललो तर विहीर गेली.

धर्मसिंग नाईकांना सांगितलं. म्हातारा म्हणाला, "गप ऱ्हा, उत्तमसिंग. पाणी गेलंच आहे. खाल्लेली भाकरही ओकायला लावतो का?"

वस्तीत गेलो. रुक्माबाई दारात ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "टोपी आमच्यासाठी घातली, ते आमी इसरलो न्हाई. पैसे फेडू, मजुरी करून फेडू. पन माजी सून सहा महिन्याची गरोदर, दोन घागरी घेऊन दीड कोस येती. तुमी सांगा साहेबाला."

भिवाजी भिंतीला टेकून बसला होता. निघताना एवढंच म्हणाला, "खोदून बघू नका म्हणाव साहेबाला. लिवायचं ते लिवा म्हणाव."

काहून असं म्हणाला?

२० जानेवारी, रविवार

ठरवलं. सांगणार.

उगाच पुण्य नको लिहायला. सुनेसाठी सांगतोय, विहिरीसाठी सांगतोय, हे अर्धं. उरलेलं अर्धं हे की मुकादम उत्तमसिंगनं अकरा फूट नेले, त्याला लाल पट्टी कळली न्हाई, असं सरकारी कागदावर राहायला नको. चोर म्हणा. बहिरा म्हणू नका.

२१ जानेवारी, सोमवार



साहेबाला आठव्या खड्ड्याशी नेलं. तो एकच साक्षीदार उभा होता. पावसाळ्यात टोपीवर तरोटा उगवून वाळून गेलेला. सगळा तांडा, सगळी वस्ती काठावर. मी सांगून टाकलं. मग शिडी लावली आणि माझ्याच हातानं टोपी उतरवली. ढेपं सुटी होऊन पडली. खाली जुनं गवत, दबलेलं, काळं. साहेब वाकून बघत राहिला. मिस्त्री आले नव्हते ते बरं.

साहेब म्हणाला, "बरं. आता तळ बघू."

तळावर पावसाचा गाळ साचला होता, दोन फूट. गड्यांनी उपसला. साक्षीदाराचा पाय मोकळा होत गेला. वर पिवळा मुरूम. मग लाल.

लाल! गेरूसारखा. साक्षीदाराच्या पायाला एक फूटभर लाल पट्टा. तळ सगळा लाल, आणि मधून पार फुटलेला, खालचा काळा भुसभुशीत दगड दिसत होता. साहेबानं एक घागर त्यात ओतायला लावली. फुलसिंगची पोरगी रडवेली झाली, दीड कोसावरचं पाणी. ओतलं. बघता बघता आत गेलं. डबकंसुद्धा राहिलं न्हाई.

साहेबानं टेप सोडला. "तुमचं खरं आहे. खोली नऊच. पण पट्टी इथं आठवरच आहे. थर सपाट नसतो, झिऱ्याकडं वर येतो. म्हणून तर मी म्हणालो होतो—जे आधी लागेल ते."

मग मला विचारलं, "तुम्ही ऐकून सांगणार होतात ना?"

मी भडकलो. भर लोकांत म्हणालो, "लाल मातीवर कुदळ पडली असती तर मला कळलं असतं! ज्यानं खोदलं त्यानं दाबून ठेवलं. त्याला विचारा!"

हजेरी उघडली. आठवा खड्डा, भिवाजी.

भिवाजी पुढं आला. शांत. "मी सांगितलं होतं, मुकादम. थप वाजून राहिलं म्हणलं. थांबू का म्हणलं. दोनदा म्हणलं. तुमी हसलात आन् हात केला, चालू द्या."

"खोटं!" मी म्हणालो. "साफ खोटं! मला मुंगी खोकलेली ऐकू येते!"

"व्हय," भिवाजी म्हणाला. "ते मीच म्हणलो होतो."

कोणी हसलं न्हाई.

साहेबानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, टोपीचं मी लिहीत नाही, माप माझं काम नाही. पण थराचं लिहावं लागेल. लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: ताकीद दिलेली असताना आठव्या खड्ड्याच्या मजुराने अभेद्य थर फोडला. नवीन विहिरीची शिफारस करता येत नाही.

मजुराने.

२२ जानेवारी

तांडा आज माझ्या बाजूला आहे. सगळा. धर्मसिंग नाईक पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू टोपी उतरवलीस, मर्दासारखं बोललास. त्यानं झिरा मारला आन् तुझ्यावर ढकलून राहिला." वस्तीच्या बायांना तांड्यावरून जाणारी पाण्याची वाट बंद केली. आता त्यांना नाल्यातून फिरून दोन कोस. दुष्काळात एका कुंडीचं पाणी प्यायलेल्या बाया!

मी वाट बंद करा म्हणालो न्हाई. उघडा असंही म्हणालो न्हाई.

२७ जानेवारी, रविवार

मागची पानं काढून बघितली. २० फेब्रुवारी. मीच लिहिलंय: काहीतरी बोलला. काय बोलला ते न्हाई. टोमणाच असणार. अंतर किती? पंधरा पावलं. पंधरा पावलांवरचं मला ऐकू येत न्हाई? मला? त्याच दुपारी मिस्त्रींनी हळू आवाजात विडी मागितलेली ऐकली की!

भिवाजी खोटा आहे. घाबरला आणि खोटा झाला. माणूस घाबरला की होतो.

२९ जानेवारी

भिवाजीच्या लेकाला नाक्यावरच्या हॉटेलात तांड्याच्या पोरांनी मारलं. "झिरेमाऱ्याचा" म्हणून. कपाळ फुटलं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

भिवाजी गेला. गाडीत घडवंची, दोन घागरी, गरोदर सून. वारंगा फाट्याला कोणा पावण्याच्या दुकानी हमालीला. मी नाक्यावर उभा होतो. गाडी जवळून गेली. रुक्माबाई माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. भिवाजीनं तिला हातानं थांबवलं.

काय बोलली, कळलं न्हाई. वारा होता.

९ फेब्रुवारी, शनिवार

जमनाबाई आज विचित्रच वागली. मी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो. ती माझ्यासमोर येऊन कंबरेवर हात ठेवून उभी.

"मी काय म्हणलं आत्ता?"

"तू कुठं काही म्हणालीस?"

"मागं उभी होते. तुमच्या या बाजूला." डावा खांदा दाबला. "म्हणलं, घराला आग लागली. म्हणलं, याडी मेली तुमची. हळूच, पण चार येळा म्हणलं. तुमी लिवत बसलात."

"माझी आई मरून अकरा वर्षं झाली. त्यात ऐकायचं काय?"

हसवायला म्हणालो. ती हसली न्हाई. डोळे भरलेले. मग उजव्या बाजूला जाऊन पुटपुटली, "भिवाजीला काहून घालवलं?" ते मात्र लख्ख ऐकू आलं.

म्हणते, नांदेडला कानाचा डॉक्टर आहे. मी म्हणालो, माझा कान बराबर आहे, पैसे काय वर आलेत? ती म्हणाली, बराबर असेल तर तसा कागद आणा. मी तो तांड्यात आणि वस्तीत, दोन्हीकडं दाखवते.

ही अट मला पटली. आणतो कागद.

१४ फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

डॉक्टरनं दोन्ही कानांत बत्ती घालून बघितलं. विचारलं, जवळ कधी सुरुंग उडाला होता का?

डाव्या कानाचा पडदा फाटलेला आहे. जुनं आहे, वर्षाच्या वरचं. त्या बाजूनं काही ऐकू येत नाही, असं कागदावर लिहून दिलं.

बांधावरून झिऱ्याकडं चाललं की आठवा खड्डा डाव्या हाताला येतो.